उत्स्फूर्त नाट्यस्पर्धा म्हणजे काय? संहिता नसलेल्या नाटकात जिंकतो कोण?

वर्धा जिल्ह्यातले देवळी हे तालुक्याचे गाव कुस्तीसाठी ओळखले जाते. कुस्तीच्या फडाभोवती बसलेली माणसे गप्प बसत नाहीत. कोणता डाव पडणार हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक जण पुढे सरकून पाहतो, ओरडतो, सल्ले देतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाला असा प्रेक्षक क्वचितच लाभतो. तिथे वाक्ये पाठ असतात, हालचाली ठरलेल्या असतात आणि एखादा मुलगा वाक्य विसरला की पडद्याआडून बाई पुटपुटतात.

कुस्तीचा हा जिवंतपणा नाटकात आणता येईल का, हा प्रश्न कीथ जॉन्स्टन या ब्रिटिश नाट्यशिक्षकाला पडला होता. त्याने पाहिलेली लंडनची कुस्ती करमणुकीची, बरीचशी ठरवून खेळलेली होती. तरीही तिचा प्रेक्षक नाटकाच्या प्रेक्षकापेक्षा कितीतरी जागा होता. त्या निरीक्षणातून पुढे नाटकाच्या सामन्यांचा एक प्रकार उभा राहिला आणि अनेक देशांत तो शाळांपर्यंत पोहोचला. त्यालाच मराठीत उत्स्फूर्त नाट्यस्पर्धा म्हणता येईल.

थोडक्यात सांगायचे तर

उत्स्फूर्त नाट्यस्पर्धेत दोन किंवा अधिक संघ प्रेक्षकांसमोर त्याच क्षणी नाट्यप्रवेश रचतात. संहिता नसते, नेपथ्य नसते, पाठांतर नसते. विषय प्रेक्षकांकडून येतो किंवा चिठ्ठी काढून ठरतो. विचाराला काही सेकंद आणि सादरीकरणाला काही मिनिटे मिळतात. शेवटी परीक्षक किंवा प्रेक्षक गुण देतात.

शाळांमध्ये होणाऱ्या ओळखीच्या स्पर्धांपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. नाट्यछटा आणि एकपात्री यांत पाठांतर असते आणि मूल एकटेच असते. बालनाट्यात संघ असतो, पण लेखक आणि दिग्दर्शक बहुधा मोठी माणसे असतात. चिठ्ठी काढून केलेले उत्स्फूर्त भाषण याला थोडे जवळचे, पण तिथेही वक्ता एकटाच. उत्स्फूर्त नाट्यात मात्र समोरचा सोबती काय बोलतो यावर पुढचे वाक्य ठरते. म्हणून इथले पहिले कौशल्य ऐकण्याचे आहे. बोलणे त्यानंतर येते.

सामना कसा चालतो?

कॅनडातल्या माध्यमिक शाळांसाठी १९७७ मध्ये ओटावा इथे ‘कॅनेडियन इम्प्रॉव्ह गेम्स’ ही स्पर्धा सुरू झाली. तिचा आराखडा समजला की हा प्रकार समजतो. एका संघात जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असतात. प्रेक्षकांकडून विषय मिळाल्यावर संघाला १५ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात मुले गोल करून कुजबुजतात आणि रंगमंचावर येतात. प्रवेश चार मिनिटांचा असतो.

प्रवेशांचे पाच प्रकार ठरलेले आहेत. एकात गोष्ट सांगायची असते, एकात एखादे पात्र उलगडायचे असते. एकात नाटक-चित्रपटाची एखादी शैली पकडायची असते, एकात एका कल्पनेच्या अनेक बाजू दाखवायच्या असतात. पाचव्या प्रकाराचे नाव ‘जीवन’ असे आहे. त्यात विनोदाला पळवाट म्हणून वापरता येत नाही, खऱ्या आयुष्यातला प्रसंग खरेपणाने उभा करावा लागतो. हशा मिळवणे म्हणजेच उत्स्फूर्त नाट्य, हा समज या एका प्रकाराने मोडतो.

त्याच वर्षी कॅनडाच्याच फ्रेंच भाषक क्वेबेकमध्ये रोबेर ग्रावेल आणि इव्हाँ ल्यदुक यांनी वेगळा आराखडा मांडला. त्यांनी तिथला लोकप्रिय खेळ, म्हणजे आइस हॉकी, जसाच्या तसा उचलला. रंगमंचाभोवती हॉकीसारखे कुंपण, खेळाडूंच्या अंगात जर्सी, हातात शिट्टी घेतलेला पंच. पंच विषय, वेळ आणि खेळाडूंची संख्या जाहीर करतो. प्रवेश संपला की प्रेक्षक रंगीत कार्ड वर धरून मत देतात.

या आराखड्यातल्या दोन गोष्टी शिक्षकांनी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे ‘मिश्र’ प्रवेश. यात दोन्ही संघांचे खेळाडू एकाच प्रवेशात एकत्र उतरतात. ज्याला हरवायचे, त्याच्याच सोबतीने गोष्ट रचायची. दुसरी म्हणजे फाउलची यादी. सोबत्यावर दादागिरी करणे, त्याने दिलेले पात्र नाकारणे, घासून गुळगुळीत झालेला विनोद वापरणे, गोष्ट सोडून स्वतःला मिरवणे, हे सगळे फाउल आहेत. तीन फाउल झाले की समोरच्या संघाला एक गुण मिळतो.

‘हो, आणि’ म्हणजे काय?

या खेळाचा पाया दोन शब्दांत सांगतात: ‘हो, आणि’. सोबत्याने जे मांडले ते मान्य करायचे आणि त्यात आपली भर घालायची.

समजा, विषय आला ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हरवलेला नंदी’. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात, त्यामुळे हा विषय देवळीच्या मुलांना समजावून सांगावा लागणार नाही. पहिली मुलगी म्हणते, “माहा नंदी कुठी गेला बे?”

दुसरा मुलगा म्हणाला, “तुह्याजवळ नंदी नव्हताच,” तर प्रवेश तिथेच संपतो. कदाचित कुणी हसेलही, पण पुढे जायला वाट राहत नाही. याला ‘अडवणे’ म्हणतात.

त्याऐवजी तो म्हणाला, “नंदी उपोषणाले बसला. म्हणते, वर्षभर कपाटात कोंबता, अन् एक दिवस हार घालता,” तर गोष्ट सुरू झाली. नंदी हरवला हे मान्य झाले, कारण मिळाले, नंदीला स्वभाव मिळाला आणि तिसऱ्या मुलाला पात्र मिळाले. तो नंदी होऊन बसेल. चौथी वाटाघाट करायला येईल: “बोजाऱ्यातला अर्धा हिस्सा तुह्या, पण आता ऊठ.” यांपैकी एकही वाक्य कुणी लिहून दिलेले नाही.

या उदाहरणात बोलीचे महत्त्वही दिसते. पाठ केलेल्या नाटकात वऱ्हाडी बोलणारे पात्र बहुतेक वेळा नोकराचे किंवा विनोदी असते, आणि ‘शुद्ध’ बोलणाऱ्या मुलाला मुख्य भूमिका मिळते. क्षणात बोलायचे असेल तर मूल घरच्या भाषेतच बोलणार. मग त्याच भाषेत न्यायाधीश, डॉक्टर, मुख्याध्यापक आणि राजा बोलू लागतात.

हा प्रकार आला कुठून?

आधुनिक उत्स्फूर्त नाट्याची एक मुळी मुलांच्या खेळांतच आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी समाजसेविका नेव्हा बॉइड यांच्याकडे खेळांतून शिकवण्याची पद्धत शिकली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या सरकारी मदत योजनेतून वस्त्यांमधल्या मुलांचे आणि मोठ्यांचे नाट्यवर्ग घेऊ लागल्या. तिथे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले होती. अभिनयावर व्याख्याने देऊन उपयोग नव्हता. म्हणून त्यांनी अभिनयातली एकेक अडचण एकेका खेळात बसवली. या खेळांचे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने हेच खेळ मोठ्यांच्या रंगभूमीवर नेले आणि १९५९ मध्ये शिकागोत ‘सेकंड सिटी’ हे प्रसिद्ध विनोदी नाट्यगृह सुरू झाले.

दुसरी मुळी जॉन्स्टनची. तो नाटकात येण्यापूर्वी लंडनच्या बॅटरसी भागात शाळामास्तर होता. १९५६ पासून तो रॉयल कोर्ट थिएटरशी जोडला गेला. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक नाटकाची संहिता सरकारी अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागे. उत्स्फूर्त नाटकाला संहिताच नसल्यामुळे मंजुरी कशाला देणार, हा पेच होता. ही सक्ती १९६८ मध्ये संपली. जॉन्स्टन पुढे कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात गेला आणि १९७७ मध्ये तिथे त्याने ‘थिएटरस्पोर्ट्स’ सुरू केले. त्यात परीक्षक गुणांची पाटी वर धरतात, प्रवेश रटाळ झाला की भोंगा वाजवून थांबवतात. कुणी अश्लील किंवा अपमानकारक वागले तर त्याला डोक्यावर टोपली घालून काही वेळ बसावे लागते. १९७९ मध्ये त्याचे ‘इम्प्रो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातही नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करू पाहणाऱ्यांना हा जुना पेच अनोळखी वाटणार नाही. शाळेच्या आवारात, शाळेच्याच मुलांमध्ये होणारा सामना हा मात्र शैक्षणिक उपक्रम असतो.

या खेळाचा सामाजिक परिणाम पाहायचा तर फ्रान्समधल्या त्राप या गावाचे उदाहरण दिले जाते. पॅरिसच्या बाहेर वसलेल्या या कष्टकरी, स्थलांतरितांच्या गावात अलँ दग्वा या नाट्यशिक्षकाने शाळकरी मुलांना उत्स्फूर्त नाट्याचे सामने खेळायला शिकवले. त्या मुलांपैकी जमेल दबूझ पुढे फ्रान्सचा आघाडीचा विनोदी नट झाला. मोठे झाल्यावर त्याने फ्रान्सभरच्या शालेय उत्स्फूर्त नाट्यस्पर्धेला आपला पाठिंबा दिला.

मराठीत असे काही होते का?

नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. विदर्भात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. त्यांतल्या काही परंपरेने आलेल्या असतात, काही त्या वर्षीच्या पिकावर, भावावर, गावातल्या पुढाऱ्यावर नव्याने रचलेल्या असतात. एका बाजूने झडती टाकली की दुसऱ्या बाजूने तिला तोड द्यायची. जिंकले कोण, हे जमावाच्या आरोळीवर ठरते.

कलगी-तुऱ्यात ही चढाओढ जास्त बांधीव आहे. एक शाहीर कवनातून कोडे घालतो, दुसरा फड त्याचे उत्तर कवनातूनच देतो. सिंधुदुर्गातल्या दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक आणि प्रवेशांचा क्रम ठाऊक असतो, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तमाशातल्या बतावणीत आणि वगात सोंगाड्या गावातल्या ताज्या घडामोडी संवादात ओवतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके हेच करत.

प्रेक्षकांकडून विषय घेण्याची रीतही विदर्भाला ठाऊक आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात समोर बसलेल्यांना प्रश्न विचारत आणि आलेल्या उत्तरावरून पुढचे बोलणे उभे करत. ते व्यासंगी पंडिताचे निरूपण नव्हते, लोकांशी चाललेला संवाद होता.

मात्र या परंपरा मोठ्यांच्या आहेत आणि मुलांच्या स्पर्धात्मक नाट्याची वाट महाराष्ट्रात वेगळी पडली. सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी १९६०च्या आसपास मराठी बालरंगभूमी उभी केली, ती लिहिलेल्या नाटकांवर. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धाही संहितेवरच चालते. महाविद्यालयांसाठी पुण्यात १९६३ मध्ये सुरू झालेला पुरुषोत्तम करंडक एकांकिकेचा आहे. या स्पर्धांनी पिढ्या घडवल्या हे खरेच आहे. पण संहिता, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना आणि केंद्रापर्यंतचा प्रवास हा खर्च प्रत्येक शाळेला झेपत नाही.

सहकार्याच्या खेळात स्पर्धा कशाला?

हा या प्रकारावरचा सर्वांत रास्त आक्षेप आहे. सोबत्याला सांभाळून घ्या असे शिकवायचे आणि वर पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढायचा, हे एकमेकांच्या विरुद्ध नाही का?

जॉन्स्टनच्या मते स्पर्धा हे प्रेक्षकांना ओढण्याचे निमित्त होते. खेळाडूंनी आनंदाने हरावे, हे तो सतत सांगे. संघ जिंकण्यासाठी सुरक्षित, हमखास हशा मिळवणारे तेच ते प्रवेश करू लागले तर खेळ मरतो, अशी त्याची तक्रार असे. कॅनडाच्या शालेय स्पर्धेत सामन्याआधी सगळे संघ एकत्र येऊन खेळाडूवृत्तीची शपथ घेतात.

खरे उत्तर नियमांच्या रचनेत आहे. गुण कशाला द्यायचे हे आयोजकाच्या हातात असते. सर्वांत जास्त हशा मिळवणाऱ्याला गुण दिले तर मुले एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकू लागतात. ज्याच्यामुळे सोबत्याचा प्रवेश खुलला त्याला गुण दिले तर तीच मुले ऐकू लागतात. म्हणून अशा स्पर्धेत गुणपत्रिका हाच खरा अभ्यासक्रम आहे. शाळेपुरता विचार केला तर पुढचे पाच निकष पुरतात:

• दिलेला विषय गोष्टीत खरोखर वापरला का?
• सोबत्याने मांडलेले मान्य करून पुढे नेले का?
• गोष्टीला सुरुवात, अडचण आणि शेवट होता का?
• पात्रे आणि जागा प्रेक्षकाला स्पष्ट दिसल्या का?
• संघातल्या प्रत्येकाला काही करायला मिळाले का?

शेवटचा निकष सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर संघातला एक हुशार मुलगा चार मिनिटे बोलत राहतो आणि सात जण झाडे होऊन उभे राहतात.

कुठे सांभाळावे लागते?

मूल घाईत असले की सर्वांत जवळची गोष्ट उचलते. ती बहुतेक वेळा टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातली असते: मुलाने साडी नेसायची, जाड माणसाला हसायचे, तोतरे बोलायचे, एखाद्या जातीची किंवा समाजाची नक्कल करायची. संहितेत असे वाक्य असेल तर शिक्षक ते आधी खोडू शकतो. इथे ते प्रेक्षकांसमोरच बाहेर पडते आणि ज्याच्यावर पडते तो मुलगा समोरच बसलेला असू शकतो.

म्हणून नियम सामन्याआधी सांगावे लागतात. कुणाची जात, धर्म, शरीर, व्यंग किंवा घरची परिस्थिती यांवर विनोद नाही. खरी माणसे, म्हणजे वर्गमित्र आणि शिक्षक, पात्र म्हणून येणार नाहीत. पंचाने शिट्टी वाजवली की प्रवेश थांबतो आणि वाद घातला जात नाही. चूक करणाऱ्याला डोक्यावर टोपली घालून बसवण्याची जॉन्स्टनची गंमत हौशी मोठ्यांमध्ये चालते. शाळेत मुलाची सर्वांसमोर शोभा होईल अशी शिक्षा टाळलेली बरी. फाउलचा एक गुण कमी करणे पुरेसे असते.

मंचावर यायला तयार नसलेल्या मुलालाही जागा ठेवावी लागते. वेळ मोजणे, चिठ्ठ्या वाचणे, डबा वाजवून पार्श्वसंगीत देणे ही कामेही सामन्याचाच भाग असतात. अशी मुले दोन-तीन सामने पाहून बरेचदा आपण होऊन आत येतात.

तालुक्याच्या गावात सुरुवात कशी करता येईल?

देवळीसारख्या ठिकाणी या प्रकाराचा मोठा फायदा असा, की त्याला जवळजवळ काहीच लागत नाही. शाळेचे पटांगण, खडूने आखलेला चौकोन, शिट्टी, घड्याळ आणि विषयांच्या चिठ्ठ्यांचा डबा एवढे साहित्य पुरते. वर्ध्याहून प्रकाशयोजना मागवावी लागत नाही.

वेळेची सोयही होऊ शकते. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी राज्यात २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर झाला. त्यातला एखादा तास यासाठी वापरता येतो. पहिले काही आठवडे सामना नकोच. गोलात उभे राहून प्रत्येकाने एक-एक शब्द बोलत एकच गोष्ट पूर्ण करणे, एकाने आरसा होऊन दुसऱ्याची हालचाल जशीच्या तशी करणे, दोघांनी ‘हो, आणि’ म्हणतच सहलीचा बेत आखणे, असे खेळ आधी घ्यावेत. मुले ऐकायला लागली की मग संघ पाडावेत. संघात मुली-मुलगे आणि वेगवेगळ्या इयत्ता मिसळलेल्या असतील तर एकच टोळी वरचढ होत नाही.

त्यानंतर दोन वर्गांचा, मग केंद्रातल्या दोन शाळांचा सामना घेता येतो. प्रत्येक सामन्यात निदान एक प्रवेश मिश्र ठेवावा, दोन्ही शाळांच्या मुलांचा एकत्र. विषय गावातलेच असावेत: चुकलेली एसटी, कापसाच्या गाडीवरचा वजनकाटा, वीज गेलेली परीक्षा, आजीचा पहिला मोबाईल. परीक्षकांपैकी एक जण नाट्यक्षेत्राबाहेरचा असावा आणि निकालाआधी प्रत्येक संघाला दोन वाक्यांत सांगावे, की त्यांनी एकमेकांचे कुठे ऐकले आणि कुठे ऐकायचे राहिले. ढाल एकाच शाळेला मिळेल, पण ही दोन वाक्ये दोन्ही संघ घरी घेऊन जातात.